तळहाताकडचं घड्याळ

माझ्याकडे सतरा घड्याळं आहेत आणि ती सगळी गोल आहेत. ही तक्रार मी एकदा जेवताना बोलून दाखवली, तेव्हा बायको भाजी वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "सतरा घड्याळं घरात, अन् आपण लग्नाला पोचतो तेव्हा लोक आइस्क्रीम खाऊन हात पुसत असतात. आणा अठरावं. मग थेट बारशालाच जाऊ."

तिचं चुकत नव्हतं. ती सावनेरकडच्या शेतकऱ्याची लेक; वस्तू हातात घेतली की आधी तिचं वजन बघते. माझ्या घड्याळांना वजन नाही आणि उपयोगही नाही, असं तिचं लग्नापासूनचं मत आहे. पण मला हवं होतं ते चौकोनीच. लांबट चौकोनी, पातळ, चावीचं. पूर्वी कोट घालणारी माणसं समारंभाला घालायची तसलं. सायीच्या रंगाची डायल, बारीक काटे आणि खाली सेकंदाच्या काट्यासाठी वेगळं इवलंसं घर. बॅटरी नाही, उजेड नाही, पावलं मोजणं नाही. सकाळी चावी द्यायची आणि दिवसभर बाहीखाली त्यानं आपलं काम करत राहायचं.

चौकोनीच का, असं कोणी विचारलं की मी घड्याळाच्या बांधणीवर पाच मिनिटं बोलतो. खरं कारण साधं आहे. पन्नाशी उलटल्यावर माझ्या देहात एकही कोपरा शिल्लक राहिलेला नाही. निदान मनगटावर तरी चार असावेत, एवढीच इच्छा होती.

एकदा मोबाईलवर फोटो बघून मी असं एक घड्याळ मागवलंही होतं. डब्यातून निघालं तेव्हा इतकं देखणं होतं की बायकोसुद्धा त्याचं वजन बघायचं विसरली. मग मी ते कानाला लावलं. त्यातला सेकंदाचा काटा टक्, टक् करून थांबत थांबत चालला होता, म्हणजे आत बॅटरी होती. चावी नुसतीच शोभेची, फिरवा कितीही. बायको म्हणाली, "चालू तर आहे ना?" दुःख तेच होतं की ते चालू होतं.

शहराच्या महाल भागात एका गल्लीत, भांड्यांच्या दुकानाच्या जिन्याखाली आमचे घड्याळजी बसतात. जागा एवढी की त्यांचे दोन्ही पाय रस्त्यावर असतात आणि बाकीचे ते दुकानात. डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर चढवलेलं. शनिवारी कचेरीतून सुटलो की मी त्यांच्याकडे जातो, उभ्यानं चहा पितो आणि त्यांच्या गिऱ्हाइकांना न विचारलेले सल्ले देतो. डिसेंबरातल्या अशाच एका शनिवारी त्यांनी भिंग खाली न घेताच मला विचारलं, "साहेब, तुमचं घर विणकराचं ना?"

"हो. का?"

"चौकोनी पाह्यजे ना तुमाले? खाप्याले एक आहे. तिथच्या एका विणकर बुढ्याचं आहे. दर दोन वर्षांनं तेल द्याले आणते माह्याकडं. अस्सल स्विस, चाबीचं. मुंबईचे लोक येऊन गेले, इतवारीचे येऊन गेले, कोणाले देत नाई. आता त्याच्या बोटात ताकद नाई राह्यली, चाबी भरता येत नाई. दिवाळीपासून बंद पडून आहे. मले म्हणते, विणकराच्या हाताचा माणूस भेटला तर पाठव, त्याले देतो."

त्यांनी मोबाईलमध्ये फोटो दाखवला. मी तो बोटांनी मोठा केला, अजून मोठा केला, इतका की नुसता पिवळा रंग दिसायला लागला. तेच होतं. कोपऱ्यांवरचं सोनेरी पाणी जरा उडालेलं, डायल सायीची, सेकंदाचं घर खाली. काचेवर ओरखडा नव्हता. पट्ट्याचं बक्कल मात्र पार झिजून गेलं होतं.

"हे घड्याळ फक्त सणासुदीला घातलेलं आहे," मी जाहीर केलं. "पेटीत ठेवलेलं. काच बघा ना."

"मग बक्कल काहून झिजलं?"

"पेटीत घासलं असेल."

घड्याळजींनी माझ्याकडे पाहिलं आणि चहा पिऊन टाकला.

त्यांच्यासमोरच मी खाप्याला फोन लावला. पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला, खणखणीत. एकच प्रश्न. "विणता येते का?"

आता मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघतो. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, गेलेल्या कागदावर शिक्का मारायचा. आमच्या घरी हातमाग होता हे खरं. पण त्याच्याशी माझा संबंध एवढाच, की लहानपणी गल्लीत ताणून ठेवलेल्या ताण्यावर, म्हणजे मागावर चढवायच्या उभ्या धाग्यांवर, मी एकदा पाय दिला आणि वडिलांनी माझ्या पाठीवर हात दिला. पुढे माग विकला गेला, वडील कापडाच्या दुकानात कामाला लागले आणि मी शाळेत. एवढा सगळा इतिहास फोनवर कुठे सांगत बसायचा?

"येते ना काकाजी," मी म्हणालो. "थोडंफार."

"ये मंग रविवारी."

रिकाम्या हातानं जाणं बरं नाही म्हणून मी एक शेला घेतला. दुकानदारानं घडी उलगडून शपथेवर सांगितलं, हातमागाचा आहे. मीही जाणकारासारखी मान हलवली. घरी आल्यावर आईनं त्याचं टोक अंगठा आणि बोटात धरून जरासं चोळलं आणि म्हणाली, "रंग चांगला आहे." बस्, एवढंच. आई साधारण कुठल्याही गोष्टीवर तीन वाक्यं तरी बोलते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

रविवारी सकाळी गाडी काढली तर आई पुढच्या सीटवर बसलेली. मांडीवर स्टीलचा डबा.

"तू कुठे?"

"खाप्याले चालला ना? मी येतो. कन्हान पाह्यली नाही किती दिवसांत."

बायकांनी 'येतो, जातो' म्हणायची आमच्याकडे जुनी सवय आहे. आई अजून तसंच बोलते. शहर मागे पडल्यावर नदीचं कारण गळून पडलं. "तू एकटा गेला असता तर तो मागन तेवढे देऊन आला असता. तुले वस्तू आवडली की तुह्या तोंडावर दिसते. दुकानदाराले अजून काय पाह्यजे?"

मी तिला तोंडावर काही दिसू न देण्याचं वचन दिलं. मग, म्हाताऱ्याशी काय बोलणं झालं तेही सांगून टाकलं. 'थोडंफार विणता येते' इथे पोचलो तेव्हा आईनं पदर तोंडाला लावला, तो सावनेर येईपर्यंत काढला नाही. तिचे खांदे हलताना मला डाव्या डोळ्यानं दिसत होते.

सावनेरला आम्ही तर्री-पोहे खाल्ले. तर्री इतकी जहाल होती की माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आई म्हणाली, "आता कसा, विणकर दिसतो. खळ शिजवताना धुरानं तुह्या बापाचे डोळे असेच गळत."

खाप्यातलं घर सापडायला वेळ लागला नाही. समोरच्या खोलीत पूर्वी माग असणार. त्याच्या खड्ड्यावर फरशी टाकून आता तिथं दिवाण ठेवलेला होता. मागाची फणी मात्र भिंतीला टांगलेली होती, देवाच्या फोटोशेजारी. फणी म्हणजे बारीक दातांची लांब पट्टी. ताण्याचा प्रत्येक धागा तिच्या दोन दातांच्या फटीतून जातो. म्हातारबाबा दिवाणावर बसलेले. ऐंशीच्या पुढचे, सडपातळ, अंगात बंडी आणि धोतराला बोटभर लाल काठ. काठ स्वतःच विणलेला असणार, कारण बोलता बोलता त्यांचा हात सारखा तिकडे जात होता.

मी वाकून नमस्कार केला आणि शेला पुढे केला. त्यांनी तो पाहिलाच नाही. आईनं धरलं होतं तसंच टोक बोटात धरलं, चोळलं.

"पावरलूम," ते म्हणाले. डॉक्टर 'मलेरिया' म्हणतात तसं.

"दुकानदार म्हणाला हातमागाचा..."

"म्हणन ना. असू दे बापू. पोट्ट्याच्या गाडीवर टाकाले कामी येईन."

मी आईकडे पाहिलं. आई खिडकीतून बाहेर पाहत होती.

म्हाताऱ्यांच्या सूनबाईंनी चहा आणला आणि सोबत एक पत्र्याचा डबा. त्यात एकेकाळी बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्यानं भरलेल्या कांड्या राहत असत; मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात त्या बसतात. आता त्यात सुती फडक्यात गुंडाळलेलं घड्याळ होतं. मी खिशातून पांढरे हातमोजे काढले. संग्राहकानं जुन्या वस्तूला उघड्या हातानं शिवू नये, असं मी कुठेतरी वाचलं होतं, आणि या क्षणाची तयारी म्हणून मुद्दाम विकत घेतले होते.

"काहून गा," म्हातारबाबा काळजीनं म्हणाले, "हाताले खरूज झाली काय?"

सूनबाई ट्रे घेऊन घाईघाईनं आत गेल्या. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. की हसण्याचा, देव जाणे. मी मोजे काढून खिशात कोंबले आणि फडकं उलगडलं.

काय सांगू. फोटोत कळत नाही. इतकं पातळ की तळहातावर ठेवल्यावर जड वाटायच्या ऐवजी हातच जरा हलका झाल्यासारखा वाटला. लांबी रुंदीला शोभेल एवढीच, कोपरे धारदार नाहीत पण बोथटही नाहीत. डायलवरचे आकडे कोणीतरी एकेक करून, श्वास धरून लिहावेत तसे. काटे चार वाजून दहा मिनिटांवर थांबलेले. आईला दिलेलं वचन मी तिथल्या तिथे मोडलं. माझ्या तोंडावर काय दिसत होतं ते मला दिसत नव्हतं, पण आईनं 'च्' केलं, ते ऐकू आलं.

"काकाजी, हे तुम्ही सणालाच घालत होता ना?" मी अभ्यासू आवाजात म्हणालो. "काच कोरी आहे."

"सणाले? रोज घालत होतो गा! मागावर बसतानाबी. अठरा हातांचं लुगडं विणलं होतं एक, जरीच्या काठाचं, ते पाहून एका शेटनं खूश होऊन दिलं. शेटले घड्याळ देणं समजे, विणणं समजत नव्हतं. गोल देल्लं असतं तर बाहेरून घातलं असतं. हे पडलं चौकोनी. याचा एक कोपरा ताण्यात अटकला की झाला धागा खल्लास. मंग मी असं घालत गेलो." त्यांनी उजवा हात उताणा केला आणि डाव्या हातानं मनगटाच्या आतल्या बाजूला, तळहाताच्या खाली, एक चौकोन दाखवला. "काच आत, बक्कल बाहेर. बक्कल झिजलं ना मंग, काच कायले झिजन?"

पेटीत घासल्याचा माझा सिद्धान्त मी मनातल्या मनात गुंडाळून ठेवला.

"तू कसं घालतं? मागावर बसताना?"

मी चहाचा मोठा घोट घेतला. तो गरम होता.

म्हातारबाबांनी बंडीच्या खिशातून सुताचा हातभर धागा काढला. दोन्ही टोकं धरून एक झटका दिला. धागा मधोमध तुटला. मग सुनेला हाक मारून भिंतीवरची फणी उतरवून घेतली. "जोड," ते म्हणाले. "फणीतून गेला पाह्यजे. गेला तर घड्याळ तुहं."

इतकी सोपी परीक्षा मला आयुष्यात कोणी दिली नव्हती आणि इतका निश्चित नापासही मी कधी झालो नव्हतो. दोन टोकं जवळ आणली, एकात एक घातली, ओढली, सुटली. पुन्हा घातली. कपाळावर घाम आला, डिसेंबरात. शेवटी कचेरीत कागदांचे गठ्ठे बांधून जी गाठ हाताला सवयीची झाली होती ती मारली, आणि कोणी विचारलं नसताना सुरक्षेसाठी वर अजून एक मारली. म्हातारबाबांनी धागा फणीच्या फटीत घातला आणि ओढला. गाठ दातांपाशी येऊन थांबली. गाडी फाटकापाशी थांबते तशी. पुन्हा ओढला. थांबलेलीच.

"काय काम करतं गा तू?"

"आवक-जावक."

"हाव. तो गठ्ठा बांधला तू."

मग मी सगळं सांगून टाकलं. ताण्यावर पाय दिल्याचं, माग विकल्याचं, शिक्क्यांचं. फोनवर खोटं बोललो तेही. म्हातारबाबा रागावले नाहीत. ते जास्त वाईट होतं. त्यांनी फडक्याची एकेक घडी घड्याळावर घातली. "तुह्या जवळ चांगलं राह्यलं असतं, पेटीत," ते म्हणाले. "पण पेटीत ठेवाचं तर माह्याकडंबी पेटी आहे." चौथी घडी पडली आणि घड्याळ दिसेनासं झालं. मला अगदी लहान मुलासारखं रडू यायच्या बेतात होतं, आणि तेही तर्रीमुळे नव्हे.

तेवढ्यात आईनं चहाची बशी खाली ठेवली.

"दादा, आणा इकडं तो धागा."

म्हातारबाबांनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "बाई कोण्या गावच्या?"

"उमरेडच्या."

"अच्छा! उमरेडवाल्याचा हात जाड."

"हाव, अन् खाप्यावाल्याचं तोंड," आई म्हणाली. "विणाचं वारभर अन् सांगाचं गावभर."

आतून आता भांडं पडलं नाही. सूनबाई सरळ दारात येऊन उभ्या राहिल्या.

आईनं माझी गाठ नखानं तोडून टाकली. 'किती दोरा वाया घालवला' असं पुटपुटली. मग उठून देवाच्या फोटोपुढच्या उदबत्तीची चिमूटभर राख बोटांवर घेतली. खाली बसली, दोन्ही टोकं एकमेकांशेजारी ठेवली, अंगठा आणि बोटात धरून एक मुरड दिली, आणि ती मुरड धाग्यावरच झोपवली. गाठ नाहीच. हे सगळं करताना ती धाग्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. सातवीत गणितात मला अकरा गुण पडले तेव्हा बघितलं होतं अगदी तसंच.

म्हातारबाबांनी धागा फणीत घातला, ओढला. गेला. उलटा ओढला. आला. मग दोन्ही हातांत धरून ताणला, जोर लावून. थकलेल्या हातांत जेवढा होता तेवढा सगळा जोर. धागा तुटला, पण दुसरीकडूनच. मुरड शाबूत होती.

"किती दिवस झाले हात लावून?"

"माग विकला तेव्हापासून नाही लावला," आई म्हणाली. "लावाले होतंच काय? माग होता तेव्हा जोडणं अन् कांड्या भरणं माह्याकडं होतं. याचा बाप विणे. पण कांडी ढिल्ली भरली की धोटा अटके, कडक भरली की धागा तुटे. नाव त्याचं होत होतं, बोट माहं."

म्हातारबाबांनी फडकं पुन्हा उलगडलं. या वेळी घड्याळ त्यांनी आईच्या हातात दिलं. "चाबी भरून पाह्य, बाई."

"मले नाही येत. मी कधी घड्याळ वापरलंच नाही."

"भरून तर पाह्य."

इथे मात्र माझ्यातला जाणकार जागा झाला. "आई, हळू. पुढेच फिरव. जोर नको. जास्त झालं तर आतली कमान..."

"तू चूप," आई म्हणाली. "तू जन्माला याच्या आधीपासून कांड्या भरून राहिली मी."

तिनं ती बारकी चावी अंगठा आणि बोटात धरली. फिरवली. पुन्हा फिरवली. खोलीत बारीक करकर ऐकू येत होती, आणि आम्ही तिघं तिच्या बोटांकडे बघत होतो. मी मनात आकडे मोजत होतो, कारण पुस्तकात आकडे दिलेले असतात. आई मोजत नव्हती. एका जागी ती आपोआप थांबली. "बस. आला ताण."

खालच्या इवल्या घरातला सेकंदाचा काटा हलला आणि चालायला लागला. थांबत थांबत नाही, सरसर.

म्हातारबाबा पुढे झुकले होते. "तिथंच," ते म्हणाले. "मीबी तिथंच थांबत होतो." मग पाठ भिंतीला टेकवून ते इतके मोकळे हसले की त्यांचा एकुलता एक दात दिसला. "घड्याळ बाईचं."

"अन् पैसे?" मी विचारलं.

"पैसे तुह्याकडून."

हा व्यवहार सगळ्यांना एकदम पसंत पडला, एक मला सोडून. पण आईचं समाधान कुठलं? तिनं भाव करायला सुरुवात केली. घड्याळ जुनं आहे, कोपऱ्याचं सोनं उडालं आहे, पट्टा बदलावा लागेल. म्हातारबाबांनी सांगितलेली किंमत इतकी वाजवी होती की मी दिवाणाआडून आईचा पदर ओढत होतो. चुकून ते रागावले तर सगळंच जायचं. ते कसले रागावतात! त्यांना बऱ्याच दिवसांनी कोणीतरी बरोबरीचं भेटलं होतं. अर्धा तास चाललं. उमरेडच्या काठावरून खाप्याच्या पदरावर आणि तिथून पुन्हा घड्याळावर. शेवटी दोघांनी जो आकडा ठरवला तो मला कळवण्यात आला.

सूनबाईंनी मोबाईल बघून वेळ सांगितली आणि काटे लावायचं काम मला दिलं. त्या दिवशी माझ्याकडे आलेलं ते एकमेव काम. मी मन लावून केलं.

"मले कायले घड्याळ?" आई आता खरोखरच म्हणत होती. "मले कोठं जाचं असते?" पण हात तिनं पुढे केलेला होता. म्हातारबाबांनी सवयीनं घड्याळ तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवलं, आणि बक्कल लावायला त्यांची बोटं वळेनात म्हणून ते मी लावलं. बांगड्यांच्या वर, काच आत.

आईनं तळहात वर केला आणि पाहिलं. "सव्वाबारा," ती म्हणाली. मग जरा वेळानं पुन्हा तळहात वर केला. "सोळा मिनिटं."

मी तिथे उभा होतो, सतरा घड्याळांचा मालक. आमच्या घरी लहानपणी वेळ कांड्यांत मोजत. इतक्या कांड्या झाल्या की चहा, इतक्या झाल्या की स्वयंपाक. आईच्या हातून दिवस निघायचा आणि आम्ही त्याप्रमाणे जेवायचो, झोपायचो. सतरापैकी एखादं तिला द्यावं हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मी त्यांना कप्प्यात मखमलीवर झोपवत होतो. लाज वाटली असं म्हणायला हवं, पण खोटं कशाला बोलू, त्याहून आनंदच जास्त झाला होता. घड्याळ तर घरातच येणार होतं ना!

निघताना म्हातारबाबांनी एक अट घातली. दर रविवारी फोन करायचा आणि घड्याळ चालू असल्याचं कळवायचं. परतताना कन्हानच्या काठी गाडी थांबवून आम्ही डबा खाल्ला. आईनं नदीकडे साधारण अर्धा मिनिट पाहिलं आणि बाकीचा वेळ मनगटाकडे. पुढे रस्त्यात मी म्हणालो, "आई, जरा बघू दे ना."

"रस्त्यावर पाह्य," आई म्हणाली.

घरी आल्यावर बायकोनं ते हातात घेऊन वजन पाहिलं आणि 'एवढुसं तर आहे' म्हणाली. पण पंधरा दिवसांतच तिचं मत बदललं, कारण घरातला कारभार बदलला. लग्नाला निघायच्या अर्धा तास आधी आई तयार होऊन दारात उभी राहते आणि तळहात वर करून वेळ सांगत राहते, जणू काही मागतेच आहे. "पावणेसात. अजून पॅन्ट नाही घातली यानं." परवा एका लग्नाला आम्ही पोचलो तेव्हा आइस्क्रीमवाला पेट्या उतरवत होता. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "याले म्हणतात घड्याळ."

महालातल्या घड्याळजींना मी सगळी हकिगत सांगितली, फक्त हातमोजे गाळून. ते त्यांना खाप्याहून आधीच कळले होते.

रविवारी सकाळी पूजा झाली की आई फोन लावते. "चालू आहे दादा," असं ओरडून सांगते आणि फोन मनगटाला लावते. पलीकडे म्हातारबाबा कान लावतात. मग खणखणीत आवाज येतो, "येऊन राहिली ऐकू." फोनमधून ती इवलीशी टिकटिक खरंच जाते का, मला शंका आहे. मी ती अजून कोणाला बोलून दाखवलेली नाही.

फोन झाला की माझा नंबर. रविवारची चावी मला द्यायची, असं बऱ्याच विनंत्यांनंतर ठरलं आहे. आई घड्याळ हातातून काढत नाही. तळहात वर करून माझ्यापुढे धरते आणि मी खुर्चीशेजारी वाकून चावी फिरवतो. सुरुवातीला मी भीतीनं लवकर थांबायचो. "अजून," आई म्हणायची. मी मोजायला लागलो की म्हणायची, "आकडे नको मोजू. बोटाले विचार."

गेल्या रविवारी मी डोळे मिटून फिरवली. करकर, करकर, आणि मग बोटाखाली काहीतरी आलं. अडथळा नव्हे, कोणीतरी पलीकडून तेवढ्याच हळू धरल्यासारखं. मी थांबलो. आईकडे पाहिलं.

तिनं सेकंदाच्या काट्यावर एक नजर टाकली. हात काढून घेतला, काच आत करून पदर सारखा केला आणि स्वयंपाकघरातल्या माझ्या बायकोला मोठ्यानं म्हणाली, "सूनबाई, चहा टाक वं. पोट्ट्याले आज एक काम जमलं."